हात फ्रेमबाहेर जाऊ देऊ नका: कर्णबधिरांच्या जुन्या फिल्म्स जपताना

प्रश्न: आमच्या कर्णबधिर मंडळाच्या कपाटात साठेक रिळं सापडली आहेत. काही १६ मिमी, बरीचशी ८ मिमी, शिवाय व्हीएचएस कॅसेटींचं एक खोकं. संमेलनं, सहली, लग्नं, शाळेचे कार्यक्रम असावेत. दोन-तीन डब्यांना आंबूस वास येतो. एक स्टुडिओ सगळं स्वस्तात डिजिटल करून वर एआयने 'स्वच्छ' करून द्यायला तयार आहे. नाहीतर प्रोजेक्टरवर लावून मोबाइलने शूट करायचं आणि यूट्यूबवर टाकायचं, असा विचार आहे. त्यानंतर रिळं ठेवायची गरज आहे का?

उत्तर:

प्रोजेक्टरला हात लावू नका. फिल्म जुनी झाली की आकसते. आकसलेल्या फिल्मची छिद्रं प्रोजेक्टरच्या दात्यांशी जुळत नाहीत आणि फीत चालता चालता फाटत जाते. आकसणं एक टक्क्याच्या आसपास असलं, तरी एवढं पुरतं. घरगुती चित्रीकरणाचं रीळ बहुतेक वेळा एकमेव असतं, कारण कॅमेऱ्यातली फिल्मच धुऊन परत यायची, निगेटिव्ह वेगळी नसायची. 'एकदा बघू तरी काय आहे' म्हणून लावलेल्या रिळाचे सहा तुकडे पिशवीत घालून माझ्याकडे आणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना रागावताही येत नाही. उत्सुकता मलाही असतेच.

आता मुख्य मुद्दा. मी गेली अनेक वर्षं जुन्या फिल्म्स जपण्याचं काम करतो. मला ऐकू येतं, सांकेतिक भाषा मी मोठेपणी शिकलो. कर्णबधिरांचं पहिलं रीळ हातात आलं तेव्हा मी ते इतर मूकपटांसारखंच हाताळलं आणि चुकलो. इतर फिल्ममध्ये कडा थोडी कापली गेली, वेग थोडा वाढला, चित्र थोडं गुळगुळीत झालं, तर फिल्म जराशी कुरूप होते, इतकंच. इथे चित्र हेच बोलणं आहे. कडा कापली तर वाक्य तुटतं, वेग चुकला तर उच्चार बिघडतो, बोटं पुसट झाली तर शब्द जातो. म्हणून स्कॅनिंगचा प्रत्येक निर्णय घेताना 'कसं दिसतंय' हे नंतर विचारा. आधी विचारा, 'वाचता येतंय का?' आणि ते ठरवणारा माणूस कर्णबधिर हवा. माझ्यासारखा नको.

ही जाण कर्णबधिर समाजाला फार आधी आली होती. १८८० साली मिलानला भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिर मुलांना खुणांऐवजी तोंडी पद्धतीनेच शिकवावं, असे ठराव केले आणि शाळाशाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार होऊ लागली. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ या संघटनेने १९१० च्या सुमारास वर्गणीतून ५,००० डॉलर जमवले आणि उत्तम खुणा करणाऱ्या वयस्क वक्त्यांचं चित्रीकरण सुरू केलं. संघटनेचे माजी अध्यक्ष जॉर्ज वेडिट्झ यांचं १९१३ सालचं भाषण त्यातलंच. या भाषेचे जाणकार एकेक करून जात आहेत आणि त्यांच्या खुणा पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवायला चलच्चित्राशिवाय साधन नाही, असं त्यात ते खुणांनी सांगतात. ही फिल्म २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय फिल्म नोंदवहीत दाखल झाली. त्याच वर्षी व्हँकुव्हरला भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने मिलानचे ठराव अधिकृतपणे नाकारले. १३० वर्षांनी.

पण तुमच्या कपाटातली रिळं वेडिट्झपेक्षा चार्ल्स क्राउएल यांच्या जातीची वाटतात. शिकागोचे हे कर्णबधिर गृहस्थ १९२५ पासून पुढे अनेक वर्षं संमेलनं, सहली आणि मित्रमंडळी टिपत राहिले. भाषणं कमी आणि गप्पा, खेळ, टाळ्यांच्या ठेक्यावर सगळ्यांनी मिळून केलेली खुणांची गाणी जास्त. कर्णबधिर भाषाशास्त्रज्ञ टेड सुपाला यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, त्यामुळे ही रिळं माहीत झाली. भाषणासाठी उभा राहिलेला माणूस ठेवणीतली भाषा वापरतो. सहलीत चहा पिता पिता एका हाताने बोलणारा माणूस घरातली भाषा बोलतो. भाषेच्या अभ्यासकाला दुसरा माणूस जास्त हवा असतो. तेव्हा 'यात काही विशेष नाही, नुसती पिकनिक आहे' असं म्हणून एकही रीळ बाजूला टाकू नका.

आधी वास घ्या

आंबूस वासाचे डबे आजच वेगळे करा. जुन्या सेफ्टी फिल्मचा, म्हणजे सहज न पेटणाऱ्या फिल्मचा, पाया बहुतेक वेळा असिटेटचा असतो. उष्णता आणि दमटपणामुळे तो हळूहळू मोडतो आणि त्यातून असिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच, बाहेर पडतं. ते आम्ल उरलेल्या फिल्मला आणखी मोडतं आणि शेजारच्या डब्यांनाही लागतं. साधारण २१ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत नव्या असिटेट फिल्मला हा रोग लागायला सुमारे ४० वर्षं लागतात. त्यापेक्षा उबदार, दमट कपाटात त्याहून कमी. निदान करायला एडी स्ट्रिप नावाच्या कागदी पट्ट्या मिळतात. डब्यात एक दिवस ठेवायच्या. निळी राहिली तर बरं, हिरवट झाली तर रोग सुरू आहे, पिवळी पडली तर ते रीळ रांगेत सगळ्यात पुढे. वासावर विसंबू नका. रोज त्याच खोलीत बसणाऱ्याचं नाक सरावतं.

१६ मिमी आणि ८ मिमी जवळजवळ नेहमी सेफ्टी फिल्मवरच असतात. ३५ मिमीचं रीळ सापडलं आणि ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीच्या आधीचं असेल, तर ते नायट्रेट या झटकन पेटणाऱ्या पायावरचं असू शकतं. ते एकदा पेटलं की पाण्याखालीही जळत राहतं. त्याला घरी हात न लावता फिल्म संग्रहालयाशी बोला. पोस्टाने पाठवू नका.

फिल्मच्या कडेवर बघा. कोडॅकच्या फिल्मवर गोल, चौकोन, त्रिकोण अशा छोट्या खुणा छापलेल्या असतात. त्यांच्या जुळणीवरून फिल्म कोणत्या वर्षी तयार झाली ते कळतं. मात्र तीच जुळणी वीस वर्षांनी पुन्हा येते, म्हणजे १९३६ आणि १९५६ ची खूण एकच. कपड्यांवरून, गाड्यांवरून उरलेलं ठरवायचं. आणि हे फिल्म बनल्याचं वर्ष झालं. विकत घेऊन वर्षभर कपाटात ठेवणारे लोक तेव्हाही होते.

जुने डबे गंजले असतील तर रिळं हवा खेळती राहील अशा प्लास्टिकच्या डब्यांत हलवा. पण जुन्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या, धुलाईच्या पावत्या, आत खोचलेले कागद, सगळ्याचे फोटो काढून ते जपून ठेवा. त्यावर 'मूकबधिर' असं लिहिलेलं असेल तर ते खोडू नका. चिठ्ठीची नोंद जशीच्या तशी करा आणि तुमच्या वर्णनात आजचा शब्द वापरा.

स्टुडिओला काय सांगायचं

स्वस्तातला स्टुडिओ वाईटच असतो असं नाही. त्याला तुमच्या फिल्ममध्ये काय महत्त्वाचं आहे ते माहीत नसतं. दात्यांशिवाय, नुसत्या रोलरवर फिल्म चालवणारं स्कॅनर आहे का, एवढं आधी विचारा. मग खालच्या गोष्टी लेखी घ्या.

पूर्ण फ्रेम स्कॅन हवी, छिद्रांसकट. कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र प्रोजेक्टरच्या खिडकीतून दिसतं त्यापेक्षा थोडं मोठं असतं आणि हौशी कॅमेरामनच्या फ्रेममध्ये हात नेमके त्या काठावरच असतात. त्याहून मोठा घात म्हणजे ४:३ चं चित्र रुंद पडद्यावर 'भरून' बसवणं. त्यात उंचीचा चौथा भाग कापला जातो. डोक्यावर नेलेली खूण गेली, पोटाजवळची गेली. एका संस्थेची फिल्म मी अशीच परत आलेली पाहिली आहे. वक्ता सात मिनिटं बोलतोय आणि त्याचे हात पडद्याच्या खाली काहीतरी करताहेत. सुदैवाने मूळ रीळ फेकलेलं नव्हतं.

वेग हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग. जुने मूक कॅमेरे साधारण सेकंदाला १६ फ्रेम टिपायचे, सुपर-८ मध्ये १८ रूढ झाल्या, आवाजाच्या फिल्मसाठी २४ ठरल्या. १६ ने टिपलेलं २४ ने दाखवलं तर सगळं दीडपट वेगाने धावतं. चालणारी माणसं तेव्हा विनोदी दिसतात आणि आपण हसून सोडून देतो. पण बोटांनी अक्षरं जुळवणारा माणूस दीडपट वेगाने वाचायचा म्हणजे कर्णबधिर प्रेक्षकालाही घाम फुटतो. १६ मिमीच्या एका फुटात ४० फ्रेम असतात. म्हणजे १०० फुटांचं रीळ १६ च्या वेगाने ४ मिनिटं १० सेकंद चालायला हवं, २४ च्या वेगाने ते पावणेतीन मिनिटांत संपतं. परत आलेल्या फाइलची लांबी या हिशेबाशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

खरा वेग कोणता होता, हे ठरवायला फक्त खुणांकडे बघू नका. कॅमेऱ्यासमोर लोक मुद्दाम मोठ्या आणि सावकाश खुणा करायचे, त्यामुळे चुकीचा वेगही 'ठीक वाटतो'. मागे चालणारी माणसं, उड्या मारणारी मुलं, ओतलं जाणारं पाणी बघा. पाणी कोणासाठी सावकाश पडत नाही.

स्कॅन करताना मात्र एका फ्रेमचं एकच चित्र असं साठवा आणि वेग नोंदीत लिहा. बघण्यासाठीच्या प्रतीत १६ चे २४ करायचे तर दर दुसरी फ्रेम दोनदा दाखवावी. बरेचसे प्रोग्रॅम त्याऐवजी दोन फ्रेम एकमेकांत मिसळून मधली फ्रेम तयार करतात. मग एका माणसाला चार अर्धपारदर्शक हात फुटतात.

एआयचं 'स्वच्छ करणं' त्याच्याही पुढचं. सांकेतिक भाषेत हाताचा आकार, त्याची जागा, हालचाल, तळव्याची दिशा आणि चेहरा यांतला एक घटक बदलला की शब्द बदलू शकतो, कधी वाक्याचा प्रकारच बदलतो. वर गेलेल्या भुवयांनी प्रश्न होतो. दाणेदार, धूसर फिल्ममध्ये बोटं पुरती दिसत नाहीत तेव्हा एआय ती अंदाजाने काढतं. मला एका नमुन्यात मूळच्या दोन बोटांची तीन झालेली दिसली, तीही इतकी सुबक, की मूळ फिल्म शेजारी नसती तर शंकाही आली नसती. धूसर राहिलेली खूण उद्या कोणीतरी संदर्भाने वाचेल. चुकीची खूण स्पष्ट झाली तर ती पुरावा म्हणून वापरली जाईल. स्टुडिओला 'काहीही सुधारू नका' असं सांगा. हात हलल्यामुळे आलेला पुसटपणासुद्धा माहिती आहे, हात कुठून कुठे गेला ते त्यात दिसतं. धूळ झटकणं आणि उजेड सारखा करणं, तेही फक्त बघण्याच्या प्रतीत. आणि कृपा करून पियानो घालू नका. जुनी फिल्म म्हटली की संगीत हवंच असं ऐकणाऱ्यांना वाटतं.

अजून एक गंमत. दोन्ही बाजूंना छिद्रं असलेली फिल्म उलटी स्कॅन होऊ शकते, म्हणजे डाव्याचं उजवं. पाटी, फलक दिसला तर लगेच कळतं. नाही तर खुणा बघा. बहुतेक लोक उजव्या हाताला मुख्य हात मानून बोलतात. सहलीतली सगळीच मंडळी डावखुरी निघाली, तर रीळ उलटं आहे.

साठवणीचा अंदाज असू द्या. ४०० फुटांच्या १६ मिमी रिळात १६,००० फ्रेम असतात. दोन-के आकारात (सुमारे दोन हजार ठिपके रुंद) बिनदाबाच्या डीपीएक्स फाइल, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल, घेतल्या तर सुमारे २०० जीबी होतात. गुणवत्ता न घटवता दाबणारा एफएफव्ही१ हा प्रकार त्यापेक्षा बराच आटोपशीर आहे आणि छोट्या मंडळाला मी तोच सुचवीन. एमपी४ ही बघायची प्रत झाली, जपायची नव्हे. जास्त दाबलेल्या व्हिडिओत सगळ्यात आधी तुकडे पडतात ते झपाट्याने हलणाऱ्या गोष्टींचे, आणि इथे झपाट्याने हलतात ती बोटं.

कॅसेटी रिळांइतक्याच तातडीच्या

लोक रिळं जुनी म्हणून घाबरतात आणि कॅसेटी नव्या म्हणून विसरतात. फिल्म भिंगातून तरी बघता येते. कॅसेटला यंत्र लागतं, आणि व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ साली ते उत्पादन बंद करून बसली. चालू यंत्र मिळतंय तोवर उरकून घ्या. एकच तांत्रिक अट सांगा. व्हीएचएसमध्ये सेकंदाला ५० किंवा ६० अर्धचित्रं (एकाआड एक ओळींची) असतात आणि प्रत्येक अर्धचित्र वेगळ्या क्षणाचं असतं. त्यांची २५ किंवा ३० पूर्ण चित्रं करून दिली तर हालचालीचा निम्मा तपशील गेला. ५० ची ५० आणि ६० ची ६० राहू द्या.

नावं कोण सांगणार

यंत्राचं काम पैसे दिले की होतं. हे पैशांनी होत नाही. उत्तम स्कॅन केलेली आणि एकही माणूस ओळखता न येणारी फिल्म माझ्याकडे भरपूर आहे. ती बघून मला दरवेळी वाईट वाटतं, कारण स्कॅनिंग दहा वर्षं उशिरा झालं असतं तरी चाललं असतं, विचारणं मात्र आधी व्हायला हवं होतं.

म्हणून साठही रिळं पूर्ण होण्याची वाट बघू नका. पहिली चार-पाच स्कॅन झाली की मंडळातल्या ज्येष्ठांना बोलवा, तिघे-चौघे एका वेळी. एकटा माणूस आठवत बसतो, तिघे असले की एकमेकांना दुरुस्त करतात. पडद्यावर फिल्म, तिच्यावर वेळेचे आकडे, आणि समोरून बघणाऱ्यांवर कॅमेरा. त्यांच्या खुणा टिपताना त्यांचे हात फ्रेमबाहेर जाणार नाहीत हे बघा (हसू नका, मी स्वतः ही चूक केली आहे). खोलीत अंधार करू नका. सिनेमा बघायला अंधार लागतो, पण बोलायला उजेड लागतो.

नावं विचारताना कागदावरच्या नावाबरोबर खुणेचं नाव टिपा. कर्णबधिर समाजात माणसाला खुणेचं नाव असतं. गालावरच्या खळीवरून, सवयीवरून, शाळेतल्या क्रमांकावरूनही पडलेलं. साठ वर्षांपूर्वीच्या मैत्रिणीचं आडनाव आठवत नाही, पण तिची खूण क्षणात हातावर येते. ही खूण लिहून ठेवता येत नाही. 'हनुवटीला दोनदा स्पर्श' असं वर्णन फार तर अर्धं काम करतं. दोन-तीन सेकंदांची व्हिडिओ नोंद हीच तिची खरी नोंद. तुमच्या यादीत प्रत्येक व्यक्तीपुढे अशी फाइल जोडा.

जुन्या खुणांचा अर्थ लावताना नुसत्या दुभाष्यावर अवलंबून राहू नका. दुभाषी आजची भाषा शिकलेला असतो. पन्नास वर्षांपूर्वीची, एखाद्या वसतिगृहापुरती चालणारी खूण त्याला ओळखीच्या दुसऱ्या खुणेसारखी वाटते आणि तो बेधडक चुकीचा अर्थ सांगतो. त्या शाळेत शिकलेला ज्येष्ठ आणि एक तरुण कर्णबधिर सदस्य अशी जोडी बसवा, दुभाषी नंतर. टिपणं वेळेनुसार फिल्मला जोडायला ईलॅन नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लँक भाषा-मानसशास्त्र संस्थेने तो बनवला आणि सांकेतिक भाषांचे अभ्यासक तोच वापरतात. शिकायला एक दुपार पुरते.

यूट्यूबवर टाकण्याआधी

ऐकू येणाऱ्यांच्या लग्नाच्या मूक फिल्ममध्ये मागे कोण काय बोललं ते कोणाला कळत नाही. कर्णबधिरांच्या फिल्ममध्ये मागची माणसंही वाचता येतात. एका लग्नाच्या रिळात मी नवरानवरीकडे बघत होतो. माझ्या शेजारी बसलेल्या कर्णबधिर सहकाऱ्याचं लक्ष दूर खांबापाशी उभ्या दोन बायकांकडे होतं. त्या नवऱ्यामुलाच्या आधीच्या भानगडीबद्दल बोलत होत्या, अगदी नावानिशी. ते रीळ आम्ही तसंच टाकलं असतं तर त्या घरातली नातवंडं ते वाचत बसली असती. तेव्हापासून माझा नियम असा, की प्रकाशित होणारा प्रत्येक भाग सांकेतिक भाषा येणाऱ्या दोघांनी कडेपासून कडेपर्यंत बघायचा, एकदा पुढच्या माणसांसाठी आणि एकदा मागच्यांसाठी.

चेहरा पुसट करून सोय होत नाही. चेहऱ्यात व्याकरण आहे, तो पुसला की बोलणंही पुसलं. त्यामुळे एकतर परवानगीने पूर्ण दाखवायचं, नाहीतर तो भाग फक्त मंडळात येऊन बघता येईल असा ठेवायचा. शाळेच्या रिळांबाबत जास्त सावध राहा. मुलांच्या हातांवर मारलेलं, हात बांधलेलं किंवा बोलण्याची जबरदस्ती केलेलं त्यात दिसू शकतं, आणि ती मुलं आज सत्तरीची असून तुमच्याच मंडळात असतील. ते दृश्य समाजापुढे यायला हवं असं मला वाटतं. पण कधी आणि कसं, ते त्यांनी सांगायचं. वाढदिवसाच्या कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर अचानक नको.

स्टुडिओशी करार करताना फाइलींचे हक्क मंडळाकडे राहतील आणि त्या एआय प्रशिक्षणासाठी किंवा नमुना म्हणून वापरल्या जाणार नाहीत, हेही लिहून घ्या.

रिळं ठेवायची का

ठेवायची. आजचा स्कॅन वीस वर्षांनी अपुरा वाटेल, आणि व्हिनेगर लागलेलं रीळसुद्धा थंडीत ठेवलं तर पुष्कळ टिकतं. तुमच्याकडे शीतगृह नसेल तर राज्याच्या किंवा राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाकडे ठेव म्हणून द्या, मालकी न सोडता, आणि कागदावर तसं लिहून. तेही जमत नसेल तर दोन घट्ट पिशव्यांत, आत आर्द्रता दाखवणारं कार्ड घालून, दंव न धरणारा फ्रीझर चालतो. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर फिल्मवर पाणी सुटतं. डिजिटल फाइलींच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, आणि वर्षातून एकदा चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का ते सांगणारा आकडा) तपासणारा एक नावानिशी ठरवलेला माणूस. 'समिती बघेल' असं लिहिलं तर कोणीच बघत नाही.

पहिल्या फेरीसाठी पाच रिळं निवडताना ज्यांच्या डब्यातली एडी पट्टी पिवळी पडली, अशी दोन घ्या. उरलेली तीन कोणती, ते मंडळातल्या सगळ्यात वयस्क सदस्याला डबे दाखवून विचारा. त्यांच्या तरुणपणीची कोणती असतील याचा अंदाज त्यांनाच असेल, आणि स्कॅन हाती आल्या आठवड्यातच त्यांच्या घरी जाऊन ती दाखवा.